डेबियन स्टेबलवर नवी सॉफ्टवेअर कुठून घ्यावीत: बॅकपोर्ट्स, फ्लॅटपॅक, ॲपइमेज आणि बाकीचे रस्ते

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एखाद्या वर्कशॉपच्या ऑफिसात डेबियन १२ या लिनक्स सिस्टिमवर सगळं सुरळीत चाललेलं असतं. बिलं निघतात, प्रिंटर ऐकतो, पेनड्राइव्हवरच्या व्हायरसचा विषय कधीच मिटलेला असतो. मग एखादं गिऱ्हाईक फ्रीकॅड या डिझाइनच्या प्रोग्रॅमच्या १.० व्हर्जनमध्ये केलेली असेंब्लीची फाइल पाठवतं आणि मशीनवर असतं ०.२०. फाइल धड उघडत नाही. तिकडे राजारामपुरीत लग्नपत्रिका डिझाइन करणाऱ्याला जिंप या चित्रांवर काम करायच्या प्रोग्रॅमचं ३ हवं असतं, कारण त्यात एकदा लावलेला इफेक्ट नंतरही बदलता येतो. इंजिनिअरिंगला गेलेल्या एखाद्या मुलीच्या नव्या लॅपटॉपचं वायफायच डेबियन ओळखत नाही. तिघांचीही मागणी एकच, "नवीन व्हर्जन टाकून द्या की."

टाकून देणं अवघड नाही. रस्ते भरपूर आहेत आणि प्रत्येक जण आपल्या आवडीचा रस्ता सांगतो. हे रस्ते शेजारी शेजारी ठेवताना मी एकच कसोटी लावतो. नवं पॅकेज उद्या बिघडलं तर ते आणखी काय काय घेऊन बुडेल, आणि बसवणारा माणूस गावात नसताना ते सावरणार कोण? कसोटीचा दुसरा भाग आपल्याकडे फार महत्त्वाचा आहे. कोल्हापुरात लिनक्स बसवून देणारी पोरं हुशार असतात, आणि हुशार असल्यामुळेच शिक्षण संपलं की पुण्याला नाहीतर बेंगळुरूला जातात. मशीन इथंच राहतं. त्याच्या पोटात कुठून काय भरलंय हे मात्र त्या पोराबरोबर निघून गेलेलं असतं.

आधी हे तपासा: नवं खरंच लागतंय का

बऱ्याच जणांची खरी काळजी वेगळीच असते. व्हर्जनचा आकडा जुना दिसला की सुरक्षेला भोक पडलं असं त्यांना वाटतं. डेबियन स्टेबलचं, म्हणजे डेबियनच्या पक्क्या झालेल्या आवृत्तीचं, काम तसं चालत नाही. एखाद्या पॅकेजात त्रुटी सापडली की सिक्युरिटी टीम फक्त त्या त्रुटीची दुरुस्ती जुन्याच व्हर्जनमध्ये बसवते. आकडा जुना राहतो, पण त्याच्या शेपटीला 'डेब१२यू३' असं काहीतरी चिकटतं. याचा अर्थ डेबियन १२ साठी केलेली तिसरी दुरुस्ती. तेव्हा आकड्याचं डोकं बघून घाबरण्याआधी शेपूट वाचा.

नवं म्हणजे सुरक्षित, हे समीकरणही दर वेळी खरं ठरत नाही. २९ मार्च २०२४ ला एक्सझेड या कॉम्प्रेशनच्या लायब्ररीत (अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात त्या आज्ञावलीत) मुद्दाम पेरलेला चोरदरवाजा उघडकीला आला. आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला एसएसएच लॉगिनला (दूरच्या मशीनवर शिरायला) नेहमीपेक्षा साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं, आणि त्याने तो धागा शेवटपर्यंत ओढला. चोरदरवाजा ५.६.० आणि ५.६.१ या अगदी ताज्या व्हर्जनमध्ये होता. डेबियनच्या टेस्टिंग आणि अनस्टेबल या अजून घडत असलेल्या शाखांपर्यंत तो पोचला होता. स्टेबलमध्ये तेव्हा ५.४.१ होतं, त्यामुळे स्टेबलवाल्यांना झळ लागली नाही.

ब्राउझरसाठीही धावाधाव नको. फायरफॉक्सची ईएसआर (सावकाश बदलणारी, जास्त काळ सांभाळली जाणारी) आवृत्ती आणि क्रोमियम ही दोन पॅकेजं डेबियन स्टेबलमध्येसुद्धा पुढे सरकवतो, कारण ब्राउझर जुना ठेवणं परवडतच नाही.

मग नवं कधी लागतं? समोरच्याची फाइल उघडत नाही तेव्हा. हार्डवेअर चालत नाही तेव्हा. किंवा रोजच्या कामातला वेळ खरोखर वाचवणारी सोय नव्या व्हर्जनमध्ये आली असेल तेव्हा. एवढ्यापैकी काही असेल तरच पुढे वाचायला अर्थ आहे.

बॅकपोर्ट्स: घरचाच, पण मागितल्याशिवाय न येणारा

डेबियनची पुढची आवृत्ती टेस्टिंग या शाखेत घडत असते. तिथलं पॅकेज घेऊन ते स्टेबलच्या लायब्रऱ्यांवर नव्याने बांधलं की तो झाला बॅकपोर्ट. सुरुवातीला हे काम स्वयंसेवक बाहेरच्या सर्व्हरवर करायचे. २०१० पासून ते डेबियनच्या अधिकृत छत्राखाली आहे.

मला हा रस्ता सगळ्यात जास्त आवडतो, आणि त्याचं कारण व्हर्जनच्या शेपटीत आहे. डेबियन १२ साठीच्या बॅकपोर्टच्या नावात '~बीपीओ१२+१' असं लिहिलेलं असतं. त्यातलं ते वळणदार चिन्ह, टिल्ड, नीट बघा. डेबियनच्या मोजणीत टिल्ड असलेला आकडा टिल्ड नसलेल्या त्याच आकड्यापेक्षा लहान धरला जातो. म्हणजे तेच व्हर्जन पुढच्या स्टेबलमध्ये आलं की तिथलं मूळ पॅकेज आपोआप मोठं ठरतं आणि बॅकपोर्टची जागा घेतं. उद्या तुम्ही १२ वरून १३ वर गेलात की बॅकपोर्ट आपणहून बाजूला होतो. परतीची वाट पॅकेजच्या नावातच लिहून ठेवलेली आहे. बाहेरून आणलेल्या कुठल्याही पॅकेजात ही खात्री नसते.

दुसरी सोय प्राधान्याची. नेहमीच्या रेपोला (पॅकेजं जिथून येतात त्या साठ्याला) ॲप्ट हे डेबियनचं पॅकेज बसवणारं साधन ५०० गुण देतं, बॅकपोर्ट्सना फक्त १००. त्यामुळे बॅकपोर्ट्सची ओळ सोर्सेसमध्ये, म्हणजे रेपोंच्या यादीत, घातली म्हणून मशीनवरचं काहीही बदलत नाही. तुम्ही नाव घेऊन मागाल तेवढंच पॅकेज तिथून येतं, आणि एकदा आलेल्याचे पुढचे अपडेट मग तिथूनच येत राहतात. ऑफिसच्या मशीनला असंच वळण हवं.

नव्या लॅपटॉपच्या वायफायवर, माझ्या मते, हाच इलाज आहे. डेबियन १२ चा मूळ कर्नल (हार्डवेअरशी बोलणारा सिस्टिमचा गाभा) ६.१ आहे, बॅकपोर्ट्समध्ये ६.१२ मिळतो. कर्नलबरोबर फर्मवेअरची, म्हणजे हार्डवेअरच्या आत चालणाऱ्या आज्ञावलीची, पॅकेजंही तिथूनच घ्यावी लागतात. नुसता कर्नल नवा आणि फर्मवेअर जुनं ठेवलं तर वायफाय तसंच मुकं राहण्याची शक्यता असते. नवा कर्नल आला तरी जुना मशीनवर राहतो. काही बिघडलं तर सुरू होतानाच्या ग्रब मेनूतून जुना निवडायचा आणि काम पुढे न्यायचं. फ्लॅटपॅकने किंवा ॲपइमेजने कर्नल बदलत नाही, त्यामुळे हार्डवेअरच्या बाबतीत त्यांची तुलनाच होत नाही. एनव्हिडियाचं ग्राफिक कार्ड असेल तर एक सावधगिरी घ्या. स्टेबलमधला ड्रायव्हर नव्या कर्नलवर बांधला जात नाही असं कधी कधी होतं, तेव्हा ड्रायव्हरही बॅकपोर्ट्समध्ये आहे का ते आधी बघा.

उणी बाजूही आहे. बॅकपोर्ट्सना सिक्युरिटी टीमचं थेट पाठबळ नसतं. दुरुस्ती टेस्टिंगमध्ये आली की पॅकेज सांभाळणारा माणूस ती इकडे आणतो, तो जेवढा तत्पर तेवढी ती लवकर येते. शिवाय हवं ते पॅकेज तिथे असेलच असं नाही. स्टेबलची पुढची आवृत्ती निघाली की जुनीच्या बॅकपोर्ट्सकडे लक्षही कमी होत जातं.

फ्लॅटपॅक: डेस्कटॉपवरच्या कामासाठी

डेबियनमध्ये प्रोग्रॅम लायब्रऱ्या वाटून घेतात. सगळ्यांची एकच पंगत, एकाच पातेल्यातलं वाढायचं. पातेलं बदललं की सगळ्या पंगतीचं जेवण बदलतं. फ्लॅटपॅकवाला प्रोग्रॅम आपला डबा घरून घेऊन येतो. त्याला लागणाऱ्या लायब्रऱ्या रनटाइम नावाच्या वेगळ्या गठ्ठ्यात येतात आणि डेबियनच्या लायब्रऱ्यांना हात लागत नाही. माझ्या कसोटीला हे जवळपास पूर्ण उतरतं. प्रोग्रॅम बिघडला तर तो एकटाच बिघडतो.

२०१६ मध्ये फ्लॅटपॅक हे नाव मिळालेली ही व्यवस्था आता चांगली मुरलेली आहे. डेबियनच्याच रेपोतून फ्लॅटपॅक बसवायचं, त्याला फ्लॅटहब हे फ्लॅटपॅकचं दुकान जोडायचं, आणि फ्रीकॅड, जिंप, इंकस्केप, ब्लेंडर, ओबीएस सगळं ताजं मिळतं. लिनक्स मिंटवर तर ते आधीपासून जोडलेलंच असतं. एखादं अपडेट पटलं नाही तर मागच्या आवृत्तीवर जाता येतं आणि तिथेच थांबवूनही ठेवता येतं. ॲडमिनचा पासवर्ड नसलेल्या माणसालाही फक्त स्वतःच्या खात्यापुरतं बसवता येतं. कॉलेजच्या लॅबमध्ये याचा मोठा उपयोग आहे.

वापरायला लागल्यावर ज्या गोष्टी टोचतात त्या आधीच सांगतो.

पहिली जागेची आणि डेटाची. पहिलाच प्रोग्रॅम घेताना रनटाइम धरून कित्येकशे एमबी उतरतात, मोठा प्रोग्रॅम असेल तर जीबीच्या वर जातं. पुढचे प्रोग्रॅम तेच रनटाइम वापरत असतील तर खर्च कमी होतो. ऑफिसात फायबर असेल तर प्रश्न नाही, पण मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालणाऱ्या मशीनवर हे जड जातं. रनटाइमनाही आयुष्य असतं. मूळ फ्रीडेस्कटॉप रनटाइम दर वर्षी ऑगस्टमध्ये नवा निघतो आणि साधारण दोन वर्षं सांभाळला जातो. जुने, कुणीच वापरत नसलेले रनटाइम डिस्कवर पडून राहतात. ते काढायची आज्ञा आहे आणि ती अधूनमधून चालवावी लागते.

दुसरी कुंपणाची. फ्लॅटपॅकचा प्रोग्रॅम सॅंडबॉक्समध्ये, म्हणजे बाकी मशीनपासून वेगळ्या केलेल्या कुंपणात, चालतो आणि त्याला किती मशीन दिसावं हे परवानगीवर ठरतं. उद्यमनगरातल्या वर्कशॉपचंच बघू. फ्रीकॅडमध्ये व्हीएमसी या कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशीनसाठी जी-कोड (मशीनला द्यायच्या सूचना) काढताना पुष्कळ जणांनी आपल्या कंट्रोलरला जुळेल असा पोस्ट-प्रोसेसर स्वतः बदलून ठेवलेला असतो, जोडीला काही मॅक्रो असतात. डेबियनचं फ्रीकॅड हे सगळं होम फोल्डरच्या नेहमीच्या छुप्या जागेत ठेवतं. फ्लॅटपॅकचं फ्रीकॅड आपलं घर वेगळं मांडतं, होममधल्याच 'डॉट व्हार' या छुप्या फोल्डरच्या आत. पहिल्यांदा उघडल्यावर मॅक्रोची यादी रिकामी दिसते आणि माणूस हबकतो. काहीही हरवलेलं नसतं. जुन्या जागेतल्या फाइली नव्या जागेत कॉपी केल्या की काम होतं. त्यात १.० मध्ये पाथ या वर्कबेंचचं नाव बदलून कॅम झालं आहे, त्यामुळे जुने मॅक्रो त्या नावाने काही शोधत असतील तर तेवढ्या ओळी बदलाव्या लागतात. पहिला जी-कोड मशीनवर चढवण्याआधी जुन्या व्हर्जनने काढलेल्या त्याच जॉबच्या जी-कोडशी ओळीला ओळ लावून बघा. मटेरियल आणि टूल दोन्ही महाग असतात, हे वर्कशॉपवाल्यांना मी वेगळं सांगायला नको.

तिसरी आपल्या लिपीची. फॉंटची भीती नको. मशीनवर बसवलेले आणि तुमच्या खात्यात टाकलेले फॉंट फ्लॅटपॅकच्या प्रोग्रॅमला दिसतात. नवा फॉंट टाकल्यावर प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडायचा एवढंच. इनस्क्रिप्ट कीबोर्ड सिस्टिमच्या सेटिंगमधून लावला असेल तर टायपिंगही बिनबोभाट चालतं. पत्रिकावाल्यांना त्यामुळे जिंप ३ फ्लॅटपॅकमधून घ्यायला मी बिनदिक्कत सांगतो. मात्र जुने प्लगइन आहेत का ते आधी विचारतो. जिंपच्या २.१० साठी लिहिलेले प्लगइन ३.० मध्ये तसेच चालत नाहीत.

आणखी एक बघायची सवय लावून घ्या. फ्लॅटहबवरचं प्रत्येक पॅकेज मूळ कर्त्यांनी दिलेलं नसतं, बरीच स्वयंसेवकांनी बांधलेली असतात. मूळ कर्त्यांकडून आलेल्यावर पडताळणीची खूण असते. कामाच्या मशीनवर घेताना ती खूण शोधा. नसेल तर पॅकेज कोण सांभाळतं ते वाचा.

ॲपइमेज: एक फाइल, एक प्रोग्रॅम

यात बसवणं नाहीच. फाइल उतरवायची, चालवायची परवानगी द्यायची, डबल क्लिक. फ्रीकॅडवाले लिनक्ससाठी अधिकृतपणे हीच फाइल देतात. डेबियनला काहीही कळत नाही आणि काहीही बिघडत नाही. नको झालं की फाइल उडवायची. पेनड्राइव्हवर घेऊन गोकुळ शिरगावच्या शॉपमधल्या दुसऱ्या मशीनवर तशीच चालवता येते, तिथे नेट नसलं तरी.

चालू जॉब संपेपर्यंत एकच व्हर्जन गोठवून ठेवायचं असेल तर याच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही. अमुक गिऱ्हाइकाचं काम फ्रीकॅड १.० वर सुरू केलंय, सहा महिने तेच हवं, मग ती फाइल त्या जॉबच्याच फोल्डरमध्ये ठेवून द्या.

हाच गुण सुरक्षेच्या बाजूने दोष होतो. ॲपइमेज आपणहून अपडेट होत नाही. आत भरलेल्या लायब्रऱ्या ज्या दिवशी भरल्या त्या दिवसाच्या राहतात. बाहेरून आलेल्या फाइली उघडणाऱ्या प्रोग्रॅमच्या बाबतीत वर्षानुवर्षं असं चालवणं धोक्याचं आहे. सॅंडबॉक्सही नसतो, ते तुमच्या खात्याच्या सगळ्या फाइली वाचू शकतं. म्हणून फाइल मूळ प्रकल्पाच्या जागेवरूनच घ्यावी, व्हॉट्सॲपवर आलेली कधीही नाही.

ॲपइमेज सगळीकडे चालते हेही पूर्ण खरं नाही. बऱ्याच ॲपइमेजना फ्यूज २ ही जुनी लायब्ररी लागते, ती वेगळी बसवावी लागते. आणि फाइल नव्या सिस्टिमवर बांधलेली असेल तर जुन्या डेबियनवर 'जीलिबसी २.३८ सापडलं नाही' असा संदेश येऊन प्रोग्रॅम बसकण मारतो. डेबियन १२ मध्ये जीलिबसी २.३६ आहे. हा संदेश दिसला की जीलिबसी नवी आणायच्या मागे लागू नका, त्या लायब्ररीवर अख्खी सिस्टिम उभी आहे. दुसरा रस्ता धरा. मराठीच्या बाबतीतही एकदा टाइप करून बघा. उच्चारानुसार टायपिंग करून देणारी साधनं काही ॲपइमेजमध्ये चालत नाहीत, कारण त्यांना लागणारा जोड त्या फाइलीत भरलेला नसतो.

ॲपइमेजचं फ्रीकॅड सेटिंग मात्र होममधल्या नेहमीच्याच जागेत ठेवतं. त्यामुळे मॅक्रो लगेच दिसतात, पण डेबियनचं ०.२० आणि ॲपइमेजचं १.० एकाच फोल्डरात लिहायला लागतात. दोन्ही आलटूनपालटून वापरायची असतील तर आधी त्या फोल्डरची प्रत काढून ठेवा.

स्नॅप

उबुंटूवर असाल तर स्नॅप ही उबुंटूची कंपनी कॅनॉनिकलची फ्लॅटपॅकसारखी व्यवस्था आहेच. २२.०४ पासून तिथे फायरफॉक्सही स्नॅपमधूनच येतो आणि तो तसा राहू द्यायला हरकत नाही. डेबियनवर मात्र मुद्दाम स्नॅप आणायचं कारण मला दिसत नाही. तो ठरल्याप्रमाणे दिवसातून चार वेळा अपडेट तपासतो. हे थांबवून ठेवता येतं, पण त्यासाठी माहीतगार माणूस हवा. दुकान एकच, कॅनॉनिकलचं, आणि त्याच्या सर्व्हरची आज्ञावली खुली नाही. लिनक्स मिंटने तर २०२० मध्ये आपल्या २० व्या आवृत्तीपासून स्नॅप आपसूक बसण्यालाच मज्जाव केला. फ्लॅटहबवर नसलेलं एखादं पॅकेज फक्त स्नॅपमध्ये असेल तेवढ्यापुरता त्याचा विचार करा.

कंपनीची किंवा प्रकल्पाची स्वतःची रेपो

इथे फार जपून. बाहेरची रेपो जोडणं म्हणजे त्या रेपोवाल्याला आपल्या मशीनचा रूट, म्हणजे सर्वाधिकार, देणं. पॅकेज बसताना त्यातली स्क्रिप्ट रूट म्हणून चालते. शिवाय बाहेरच्या रेपोलाही ॲप्ट डेबियनइतकेच ५०० गुण देतं. तिथे एखाद्या सिस्टिम लायब्ररीचं वरचं व्हर्जन ठेवलेलं असेल तर पुढच्या अपग्रेडला ते निमूटपणे आत येतं.

तरी काही रेपो विश्वासाच्या आहेत आणि सर्व्हरसाठी त्यांना पर्याय नसतो. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या प्रकल्पाची स्वतःची रेपो आहे. पीएचपी या वेबसाइटच्या भाषेसाठी ओंद्रेज सुरी यांची आहे, आणि डेबियनमधलं पीएचपीही तेच सांभाळत आले आहेत. फायरफॉक्सची ईएसआर नसलेली ताजी आवृत्ती हवी असेल तर मोझिलाने २०२४ पासून स्वतःची रेपो दिली आहे. अशी रेपो जोडताना तिची किल्ली (पॅकेजं तिथूनच आली हे पटवणारी फाइल) फक्त त्याच रेपोपुरती चालेल अशी वेगळ्या फाइलीत ठेवा आणि सोर्सेसच्या ओळीत तिचं नाव लिहा. जुन्या लेखांत सांगितलेली 'ॲप्ट-की' ही पद्धत विसरून जा, डेबियन १३ मध्ये ती आज्ञाच काढून टाकली आहे. प्राधान्याची फाइल लिहून त्या रेपोला हवं तेच पॅकेज मोकळं ठेवा आणि बाकीचं खाली दाबा.

उबुंटूच्या पीपीए (कुणीही उघडू शकतो अशा वैयक्तिक रेपो) डेबियनवर जोडू नका. त्या उबुंटूच्या लायब्रऱ्यांवर बांधलेल्या असतात. उबुंटूवर असलात तरी एखाद्या एकट्या माणसाची पीपीए घेताना तो माणूस पुढच्या आवृत्तीला असेल का, हा विचार करा. बेवारस झालेली रेपो प्रत्येक अपडेटला तांबड्या अक्षरांत ओरडत राहते. वापरणाऱ्याला त्या ओरडण्याची सवय होते, आणि मग खरी अडचणीची ओळही तो वाचत नाही.

सुटी डेब फाइल उतरवून बसवणं याच जातीचं, फक्त त्यात अपडेटही येत नाहीत. लिब्रेऑफिसवाले देतात त्या डेब फाइली त्यातल्या त्यात सभ्य आहेत, 'ऑप्ट' फोल्डरमध्ये वेगळ्या बसतात आणि डेबियनच्या लिब्रेऑफिसला धक्का लावत नाहीत.

टेस्टिंगची ओळ घालून एकच पॅकेज ओढणं

करू नका. हा एकच रस्ता मी सरळ बंद करतो.

एक पॅकेज मागितलं की त्याला नवी जीलिबसी लागते. नवी जीलिबसी आली की तिच्या अवतीभवतीची पॅकेजं हलतात. १२ आणि १३ च्या मध्ये तर आणखी एक मोठा बदल झाला आहे. २०३८ सालच्या तारखेची अडचण सोडवण्यासाठी वेळ ६४ बिटांत मोजायचं ठरलं आणि त्यापायी शेकडो लायब्रऱ्यांच्या नावापुढे 'टी६४' लागलं. १२ वर १३ मधलं एखादं पॅकेज ओढलं की या टी६४ लायब्रऱ्या जुन्यांना ढकलत आत येतात. ॲप्ट आधी विचारतं. त्याच्या यादीत 'खालील पॅकेजं काढली जातील' अशी एक ओळ असते आणि तिच्याखाली कधी अख्खा डेस्कटॉप असतो. घाईत असलेला माणूस ती यादी न वाचता वाय दाबतो. अशा सरमिसळीला डेबियनच्या जगात फ्रँकनडेबियन म्हणतात, आणि तसं मशीन दुरुस्त करण्यापेक्षा नव्याने बसवणं बहुधा लवकर होतं.

स्वतः कंपाइल करणं, पायथन आणि डिस्ट्रोबॉक्स

सोर्स उतरवून मेक इन्स्टॉल केलं की फाइली 'यूएसआर लोकल'मध्ये पसरतात आणि डीपीकेजीला, म्हणजे डेबियनच्या पॅकेजांची नोंद ठेवणाऱ्या साधनाला, त्यांचा पत्ता नसतो. ऑफिसच्या मशीनवर हे टाळा. शिकायचंच असेल, विद्यापीठात कॉम्प्युटर सायन्स करत असाल, तर डेबियनचं सोर्स पॅकेज घेऊन स्वतःचा बॅकपोर्ट बांधून बघा. वेळ जातो, पण पॅकेज म्हणजे काय हे आयुष्यभरासाठी कळतं, आणि तयार झालेली वस्तू ॲप्टला ओळखीची असते.

पायथनची गोष्ट वेगळी. डेबियन १२ पासून पिप या पायथनच्या पॅकेज बसवणाऱ्या साधनाने सिस्टिमच्या पायथनमध्ये काही घालायला गेलात तर मशीन नकार देतं. तो नकार मोडायचा पर्याय आहे आणि त्याच्या नावातच 'ब्रेक सिस्टिम पॅकेजेस' असं लिहिलंय. ते वाचून थांबावं. प्रत्येक प्रकल्पाला स्वतंत्र व्हेनव्ह (पायथनचा वेगळा कप्पा) करा, पायथनमधली सुटी साधनं पिपएक्सने घ्या.

प्रोग्रॅमिंग करणाऱ्यांसाठी डिस्ट्रोबॉक्स फार चांगलं आहे. स्टेबलच्या आत कंटेनरमध्ये, म्हणजे बंदिस्त कप्प्यात, फेडोरा किंवा डेबियन टेस्टिंग उभं करायचं, तिथे हवी ती ताजी साधनं घालायची, बिघडलं की कंटेनर टाकून द्यायचा. डेबियन १२ पासून ते रेपोतच आहे. बिलं करणाऱ्या माणसाच्या गळ्यात मात्र ते घालू नये.

अख्खी सिस्टिमच पुढे नेणं

हा पर्याय लोक विसरतात. डेबियन १३ ट्रिक्सी ९ ऑगस्ट २०२५ ला आली. तिच्यात फ्रीकॅड १.० आहे, जिंप ३.० आहे, लिब्रेऑफिस २५.२ आहे, कर्नल ६.१२ आहे. सुरुवातीला सांगितलेल्या तिघांच्याही मागण्या तिथे कुठलाही बाहेरचा रस्ता न धरता पुऱ्या होतात. म्हणून १२ वर असलेल्या माणसाला मी आधी विचारतो, एक दिवस मशीन बंद ठेवता येईल का? येत असेल तर बाकीची सगळी तुलना बाजूला ठेवून अपग्रेड करा. डेटाची प्रत काढा, बाहेरच्या रेपो बंद करा, रिलीज नोट्स वाचा, आणि १२ वरून १३ असंच जा. ११ वर असाल तर आधी १२, मग १३. मधली पायरी गाळता येत नाही.

दोन बाबतीत थांबा. मशीन ३२ बिटांचं असेल तर १३ मध्ये त्याच्यासाठी इन्स्टॉलरही नाही आणि कर्नलही नाही. असं मशीन १२ वरच राहील, त्याला एलटीएसची, म्हणजे लांबवलेल्या सुरक्षा-दुरुस्त्यांची, साथ जून २०२८ पर्यंत आहे. दुसरं म्हणजे १३ मध्ये टेंप हा तात्पुरत्या फाइलींचा फोल्डर मेमरीत असतो, १२ वरून अपग्रेड केलेल्या मशीनवरही. प्रेसमध्ये मोठमोठ्या पीडीएफ टेंपमध्ये ठेवून काम करायची सवय असेल तर ती सोडा, कारण मशीन बंद केलं की त्या गेल्या.

मग कोणी काय करावं

उद्यमनगरातल्या त्या ऑफिसला मी असं सांगेन. गिऱ्हाइकाची फाइल आजच बघायची आहे, तेव्हा फ्रीकॅडची ॲपइमेज आत्ता उतरवा आणि काम चालू करा. गर्दीचा हंगाम सरला की एका रविवारी मशीन १३ वर न्या आणि ॲपइमेज काढून टाका. पत्रिकावाल्याला हंगामात मशीन बंद ठेवणं शक्यच नसतं, त्याच्यासाठी जिंप फ्लॅटपॅकमधून. लॅपटॉपवालीने नव्यानेच बसवायचं असेल तर थेट १३, आधीच १२ वर घडी बसली असेल तर बॅकपोर्ट्सचा कर्नल आणि फर्मवेअर.

या तिन्ही ठिकाणी मी आणखी एक काम करून घेतो. मशीनच्या डेस्कटॉपवर साध्या मजकुराची एक फाइल ठेवायची, मराठीत. कुठलं पॅकेज डेबियनच्या बाहेरून आलं, कुठल्या रस्त्याने, कोणत्या तारखेला, कशासाठी, आणि काढायचं झालं तर कसं. रेपो जोडली असेल तर तिच्या फाइलचं नाव, मॅक्रो हलवले असतील तर कुठून कुठे. त्याचीच एक छापील प्रत बिलबुकाच्या कपाटात. पुढच्या वेळी मशीनसमोर जो कुणी बसेल, त्याच्या हातात सगळ्यात आधी ती द्यायची.